दीड तासावरची जुई

पांढरीपांडे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीच्या चाकांकडे. इतरांच्या शर्टाच्या खिशात जिथे पेन असतं, तिथे त्यांच्याकडे पेनाएवढंच, चाकातली हवा मोजायचं यंत्र असायचं. पेन मात्र ते ज्याच्यात्याच्याकडे मागत फिरत.

आमची ओळखही अशीच झाली. दोन हजार एक साली आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अल्फारेटाला नुकतेच राहायला आलो होतो आणि मराठी मंडळाच्या दिवाळीला पहिल्यांदाच निघालो होतो. कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. एका हातात करंज्यांचा डबा, दुसऱ्या हातात निऱ्या, अशा अवतारात मी गाडीतून उतरते, तर आमच्या मागच्या चाकाशी एक उंच, टकला गृहस्थ चक्क गुडघे टेकून बसलेला. अंगात झुळझुळीत सिल्कचा कुडता. मला वाटलं, यांचं काही तरी हरवलंय. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या उजव्या मागच्या चाकात हवा कमी आहे नं."

नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. मी सांगलीची. आमच्याकडे अनोळखी माणसाने असं काही म्हटलं तर आधी त्याचे आजोबा कोण हे विचारतात. मी म्हटलं, "बरं, मग?"

"मग काय, भरून घ्या. जाताना माझ्या मागं या, इथं जवळच गॅस स्टेशन आहे. सात मिनिटं."

त्या रात्री नटूनथटून आलेली आमची वरात त्यांच्या हिरव्या मिनीव्हॅनच्या मागे गॅस स्टेशनवर गेली. त्यांची बायको, कुंदाताई, काच खाली करून मला म्हणाली, "राग मानू नका हं. आमच्या लग्नातसुद्धा यांनी वरातीच्या गाडीची चाकं तपासली होती."

माणूस नागपूरचा. आडनाव ऐकून ऑफिसातल्या अमेरिकनांनी पहिल्याच दिवशी हात टेकले आणि त्यांचा 'पीपी' करून टाकला. आमची पोरं पीपीकाका म्हणायची. एका टेलिकॉम कंपनीत ते टेस्टिंगला होते. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, यापरतं सुख नाही, असं ते म्हणत. त्यांच्या लेखी मैल नावाची गोष्टच जगात नव्हती. शिकागो बारा तास, फ्लोरिडाचा समुद्र सहा तास, इंडियन ग्रोसरी वीस मिनिटं. कुणी मैलांत अंतर सांगितलं की ते वैतागत. "मैलानं काय होते बाप्पा? पोचायला किती वेळ लागते ते सांगा." विमान त्यांना आवडत नसे. भीती वगैरे काही नव्हती. "विमान त्याच्या वेळेनं निघते. गाडीचं कसं, मनात आलं की निघता येते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की अजून कुठे लांबचा प्रवास निघाला की ते आपोआप कानात वाजतं.

दुसरं वेड पेढ्यांचं. कुणाचं काही बरं झालं की पांढरीपांडे पेढे घेऊन दारात हजर. पेढे म्हणजे रिकोटा चीज आणि दुधाची पावडर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून कुंदाताईंनी केलेले, वर केशराची काडी. आपल्याकडे झालेल्या गोष्टीचे पेढे वाटतात. यांना तेवढा दम निघत नसे. अविनाशला, माझ्या नवऱ्याला, त्या वर्षीच्या मंदीत दुसऱ्या कंपनीचा नुसता होकार आला होता, कागद यायचा होता. ही बातमी पांढरीपांड्यांना कशी कळली देव जाणे. संध्याकाळी डबा घेऊन आले. चार घरी वाटूनही आले होते. आणि त्याच आठवड्यात त्या कंपनीने फोन करून सांगितलं, की जागाच रद्द झाली. अविनाश आठ दिवस मंडळात तोंड दाखवेना. मी तावातावाने त्यांना म्हणाले, "तुम्ही थांबायचं तरी होतं!" तर हे शांत. "पेढा खाल्ला नं? मग होते." दोन महिन्यांनी खरंच काम झालं, आधीच्यापेक्षा बरं. तेव्हापासून आमच्या कंपूत त्यांच्या पेढ्याला एक मान आला. म्हणजे पेढे पोचले की ती गोष्ट झालीच, असं सगळे धरून चालू लागले. आम्ही सगळे शिकलेसवरले, कॉम्प्युटरवाले लोक, पण हे असं होतं खरं.

त्यांना एकच मुलगी, जुई. आमच्या सईपेक्षा पाच वर्षांनी मोठी. दोन वेण्या, चष्मा आणि बोलणं इतकं हळू, की पुढे वाकून ऐकावं लागे. वडील मराठीत विचारत, ती इंग्लिशमध्ये उत्तर देई आणि दोघांचं त्यात काही अडत नसे. पोरीला वेड होतं गाईगुरांचं. नागपूरच्या आजोळी एका सुट्टीत तिने गाय व्यायलेली पाहिली, तेव्हापासून. शनिवारी ती एका जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला जायची आणि घरी आली की कुंदाताई तिला आधी अंघोळीला पिटाळायच्या. राज्याच्या विद्यापीठात जनावरांच्या डॉक्टरकीचं मोठं कॉलेज आहे, त्यांचे स्वतःचे गोठे आहेत. जुईला दहाव्या वर्षापासून तिथे जायचं होतं. आमच्या राज्यात चांगले मार्क असले की राज्याच्या विद्यापीठात फी पडत नाही. जुईला तर मार्कांना तोटाच नव्हता. आणि अंतर दीड तास.

पण पांढरीपांड्यांच्या डोक्यात उत्तरेकडचं एक कॉलेज होतं. खाजगी, जुनं, नावाजलेलं. त्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो, त्यातलं. जुईनं तिथेही अर्ज केला होता, वडिलांच्या समाधानासाठी. का एवढा हट्ट, हे त्यांनी एकदाच सांगितलं. मंडळाच्या पिकनिकला कणसं भाजताना. बारावीनंतर त्यांना मुंबईच्या त्या मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वडील म्हणाले, घराजवळचं काय वाईट आहे? हे घराजवळच्या कॉलेजात गेले. "काही वाईट झालं नाही, वहिनी. सगळं चांगलंच झालं. पण रोज सकाळी सायकलवर बसलो की वाटायचं, हा रस्ता माझा नाही." मग कणीस उलटत म्हणाले, "जुईच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही."

दोन हजार तीनचा गुढीपाडवा. इथे पाडव्याचा कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी होतो आणि तेच दिवस कॉलेजांची प्रवेशाची पाकिटं यायचे असतात. त्यामुळे त्या शनिवारी आईबापांची तोंडं बघून कुणाचं काय झालं ते कळतं. मी स्टेजच्या मागे लेझीमच्या मुलींना नऊवारी नेसवत होते. जुई माझ्यासमोर उभी होती, मी तिच्या ओच्याला पिन लावत होते. तेवढ्यात बाहेरून माइकवर पांढरीपांड्यांचा आवाज आला. त्यांनी त्या कॉलेजाचं नाव घेतलं, जुईचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या आणि ते म्हणाले, "आता सगळ्यांनी पेढा घ्यायचा. न घेता कुणी जायचं नाही."

जुई हलली, पिन माझ्या बोटात गेली. ती म्हणाली, "मावशी, बट आय हॅवन्ट सेड येस."

मी बोट तोंडात घालून तिच्याकडे बघत राहिले. बाहेर डबे फिरत होते. कार्यक्रम संपल्यावर मी कुंदाताईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी रिकामे डबे एकात एक घातले आणि म्हणाल्या, "अगं, मला का कळत नाही? पण आता दोनशे माणसांनी पेढे खाल्ले. परत कसे घ्यायचे?"

हे कुणा अमेरिकन माणसाला समजावून सांगून बघा. मुलगी सतरा-अठरा वर्षांची, दोन्हीकडून होकार, उत्तर द्यायला मे महिना उजाडेपर्यंत वेळ. आणि तिचं कॉलेज ठरलं कशावर, तर रिकोटा चीजच्या पेढ्यांवर. घरात भांडण झालं नाही. जुई भांडणारी मुलगीच नव्हती. एकदा फक्त वडिलांना म्हणाली म्हणे, "बाबा, तिथे गाई नाहीत." ते हसले आणि म्हणाले, "नंतर ये नं गाईकडं. त्या कुठं जातात?"

ऑगस्टमध्ये ते तिला गाडीने सोडून आले. दोन दिवसांचा रस्ता. येताना मिनीव्हॅनच्या मागच्या काचेवर त्या कॉलेजाचं स्टिकर होतं, गडद निळं. आमच्या दारात त्यांनी गाडी मुद्दाम पाठमोरी लावली. मी हसले, तेही हसले. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी जुईचा फोन येई. सगळं छान आहे, असं सांगे. त्या सगळं छान आहे म्हणण्याचा अर्थ आईला कळत होता. बापालाही, मला वाटतं, तो कळत होता. पण तो एकदा मान्य केला, तर पेढ्यांचं काय करायचं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती फोनवर म्हणाली, जरा ताप आहे, डोकं दुखतंय, सगळ्यांनाच फ्लू झालाय. पांढरीपांडे म्हणाले, "येऊ का?" ती म्हणाली, "बाबा, इट्स टू डेज. डोन्ट बी सिली."

तो फ्लू नव्हता. मेंदूच्या आवरणाला सूज येते तो ताप होता. सुरुवातीला तो अगदी फ्लूसारखा दिसतो, कुणालाच ओळखू येत नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सोमवारी सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. वर उत्तरेत बर्फाचं वादळ, विमानं बंद. दोघं मिनीव्हॅन घेऊन निघाली. व्हर्जिनियात एका रेस्ट एरियात सेल फोन वाजला आणि जुई गेल्याचं कळलं. पुढचं मला कुंदाताईंनी सांगितलं, तेही खूप नंतर. फोन ठेवून ते खाली उतरले. खिशातलं यंत्र काढलं आणि बर्फात बसून एकेक चाक तपासलं, चारही. मग आत येऊन बसले आणि गाडी उत्तरेकडेच चालू ठेवली. अजून बराच रस्ता बाकी होता.

ती इथे राहिली असती तर हा ताप आलाच नसता असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांना हे सांगितलं. मीही सांगितलं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "हो नं. पण दीड तासावर असती तर मी विचारलं नसतं, येऊ का म्हणून. निघालो असतो."  

त्यानंतर त्यांच्या घरी पेढे झाले नाहीत. मंडळात ते येत, मागच्या रांगेत बसत, पार्किंग लॉटमध्ये चाकांपाशी वाकत. लोकांना वाटलं, सावरले. पण एप्रिल आला की ते ज्याच्या घरी बारावीतलं पोर असेल त्याच्या दारात उभे राहत. हातात डबा नाही. बसत, चहा घेत आणि पोराला समोर बसवून एकच विचारत, "तिथं ताप आला तर काय करशील?" बस्स, एवढंच. कुठलं कॉलेज, कोणता विषय, काही नाही. पोरं गोंधळून आईकडे बघत. आया मनातल्या मनात कानावर हात ठेवत. पुढे पुढे लोक पाकिटं लपवू लागले, पांढरीपांड्यांची गाडी दिसली की घरातले दिवे घालवू लागले. एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "शुभ कामाच्या वेळी कशाला येतात बाई हे?" मी तिला जे बोलायचं ते बोलले. आमचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

गाडी त्यांनी बदलली नाही. काचेवरचं स्टिकरही तसंच. दोन हजार सहा साली एकदा मंडळासाठी समोशांचे ट्रे आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. गॅस भरताना शेजारच्या पंपावरच्या एका भल्या माणसाने ते स्टिकर पाहिलं आणि विचारलं, "यू गॉट अ किड अप देअर?"

"येस," पांढरीपांडे म्हणाले. "फ्रेशमन."

"वॉव. यू मस्ट बी प्राउड."

"येस. कोल्ड इज टू मच, बट शी इज फाइन."

 गाडीत बसल्यावर मी समोशांचा वास किती छान येतोय वगैरे बोलत राहिले. त्यांच्या लेखी जुई तिथे त्या पहिल्याच वर्षात होती, तेव्हापासून तीन हिवाळे.

पण ही अर्धीच गोष्ट. दर शनिवारी सकाळी ते डबा घेऊन कुठेतरी जात आणि दुपारी परत येत. पुढच्या वर्षी वसंतात कुंदाताईंचा पाय मुरगळला तेव्हा त्यांनी मला फोन केला. "मी गाडीत बसून असते गं दर वेळी. यांना एकटं सोडवत नाही मला. आज तू जाशील? फक्त काही विचारू नको."

आम्ही दीड तास पूर्वेला गेलो. राज्याचं विद्यापीठ. मोठमोठे ओक, पाठीवर दप्तरं लटकवून चाललेली पोरं. पांढरीपांड्यांनी गाडी लावली आणि मला कॅम्पस दाखवायला लागले. मला अजून तो आवाज आठवतो, अगदी नेहमीचा होता. "हे तिचं पहिल्या वर्षाचं डॉर्म. तिसरा मजला, ती कोपऱ्यातली खिडकी. इथं ती बसची वाट पाहायची. बस चुकली की पायीच निघायची, वेडी. दुसऱ्या वर्षी मैत्रिणींसोबत अपार्टमेंट घेतलं, त्या टेकडीपलीकडं. केमिस्ट्रीत एकदा बी ग्रेड मिळाली, रडली होती."  भरदुपारचं लख्ख ऊन होतं. ते सांगत होते त्या खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता आणि मी त्या टॉवेलकडे बघत राहिले.

मग गोठे. कुंपणापलीकडे काळ्या-पांढऱ्या गाई चरत होत्या. कुंपणाशी एका बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. मुगाची खिचडी, वर तूप. दोन चमचे. अर्धी खिचडी त्यांनी खाल्ली, चमचा पुसला, डबा बंद केला. "यंदा ग्रॅज्युएट होते नं," म्हणाले. "मग इथंच व्हेट स्कूल. अजून चार वर्षं."

परत येताना त्यांनी एकदम माझ्याकडे न बघता म्हटलं, "मी वेडा झालो नाही, वहिनी. मला सगळं माहीत आहे. तिच्या पायाशी उभा होतो मी. पण गावात सगळे तिला ओळखत होते, त्यामुळं सगळ्यांच्या डोळ्यांत ती गेलेली दिसते. तिकडं तिला कुणी ओळखत नाही. त्यामुळं कुणी नाही म्हणत नाही. शनिवारी ती तिथं असते." त्यांनी लेन बदलली. "तेवढं एकच ठिकाण राहिलंय."

मला रडू आलं. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि सिग्नलला थांबले. घरी कुंदाताईंनी डबा उघडला, उरलेली खिचडी पाहिली, डबा घासून पालथा घातला. दर शनिवारी त्या तेच करत असणार.

दोन हजार आठ साली आमच्या सईची पाळी आली. एक खाजगी कॉलेज, एक राज्याचं विद्यापीठ. आमच्याकडे काथ्याकूट म्हणावा असा झालाच नाही. सईने दोन्ही कॅम्पस पाहिले आणि तिला पत्रकारितेसाठी विद्यापीठ आवडलं. अविनाश दोन दिवस नावाजलेलं, नावाजलेलं करत फिरला आणि मग गप्प झाला. मी मनातून सुटले. वाटलं, या एका घरी तरी पांढरीपांड्यांना हवं ते उत्तर मिळेल.

पाडव्यानंतरच्या रविवारी ते आले. मी दिवे चालूच ठेवले होते, दारही उघडं होतं. सई समोर बसली. त्यांनी विचारलं, "तिथं ताप आला तर काय करशील?"

सई पटकन म्हणाली, "घरी येईन ना, पीपीकाका. इट्स ओन्ली अ‍ॅन अवर अँड अ हाफ."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर समाधान येईल म्हणून वाट बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला. बशीवर तो वाजला.

"तिथं चाललीस?"

"हो. माझ्या तीन मैत्रिणी पण आहेत. अपर्णा, केटी..."

"डॉर्म कोणतं?"

तिने सांगितलं. तेच. कोपऱ्यातल्या खिडकीचं.

"चांगलं आहे," पांढरीपांडे म्हणाले. "चांगलं केलंस बेटा." आणि उठले. चहा तसाच राहिला. दारात माझ्याजवळून जाताना हात जोडले, ते त्यांनी माझ्यासमोर कधीच जोडले नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खिडकीखालून आता आमची पोरगी ये-जा करणार. तिची अपर्णा तर आमच्याच मंडळातली. त्या गावात जुईला ओळखणारी माणसं येणार. ती जिवंत नाही हे ठाऊक असणारी.

त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. कुंदाताईंचा फोन यायचा, आवाज दमलेला असायचा. "दोन शनिवार गेलेच नाहीत. नुसते डबा हातात घेऊन बसतात." मी अविनाशला म्हटलं, आपण सईला दुसरीकडे... आणि वाक्य अर्धंच सोडलं. एका गेलेल्या मुलीसाठी जिवंत मुलीचा रस्ता कोण बदलतं? तसं करणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. पण मी सईला सगळं सांगितलं. बाक, गाई, खिचडी, खिडकी. तिला जुई आठवत होती. लेझीममध्ये तिच्या मागे उभी राहायची, म्हणाली. मग उठून आपल्या खोलीत गेली.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला सोडायला गेलो. अविनाशने सकाळीच चारही चाकांत हवा भरून आणली होती. ऊन रणरणत होतं. डॉर्मसमोर गाड्यांची रांग, उशा, पंखे, छोटे फ्रिज, रडणाऱ्या आया. आणि ओकच्या सावलीत ती हिरवी मिनीव्हॅन. मागच्या काचेवरचं निळं स्टिकर खरवडून काढलेलं होतं, त्याचा चौकोनी डाग राहिला होता. त्या डागावर लाल स्टिकर लावलेलं होतं, या विद्यापीठाचं.

पांढरीपांडे एका अमेरिकन कुटुंबाला लिफ्ट कुठे आहे ते हातवारे करून सांगत होते. खिशात यंत्र होतंच. अविनाशने हात वर केला, "अरे, पीपी..." मी त्याचा दंड धरला. पण त्यांनी आमच्याकडे पाहिलंच होतं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. इतकी मोठी व्यक्ती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, आणि ते डोळे नुसते विनवत होते. ते अमेरिकन नवरा-बायको त्यांच्या शेजारीच उभे होते.

सई आमच्या पुढून चालत गेली. त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कधीही न भेटलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "एक्स्क्यूज मी, सर. थर्ड फ्लोअरला कसं जायचं, डू यू नो?" मराठी शब्द तोंडातून गेला तेवढाच. लगेच तिने सावरून पूर्ण वाक्य इंग्लिशमध्ये म्हटलं.

 पांढरीपांड्यांनी जिना कुठे, लिफ्ट कुठे, दोन्ही सांगितलं. बस कुठे थांबते तेही सांगितलं.

"थँक यू. डू यू हॅव समवन हिअर?" सईने विचारलं.

"माय डॉटर," ते म्हणाले. "व्हेट स्कूल."

"व्हॉट्स हर नेम?"

त्यांना ते लगेच म्हणता येईना. मग म्हणाले, "जुई."

"आय विल से हाय," सई म्हणाली. "इफ आय सी हर." आणि उशी काखोटीला मारून सरळ आत गेली. तिचे खांदे हलत होते, ते मला मागून दिसत होतं.

ते अमेरिकन कुटुंबही गेलं. पांढरीपांडे आमच्या गाडीपाशी आले. सात वर्षांत ते माझ्याशी कधी इंग्लिशमध्ये एक शब्द बोलले नव्हते. माझ्याकडे न बघता, चाकाकडे बघत ते म्हणाले, "मॅम, युअर राइट रिअर इज लो."

"थँक यू," मी म्हटलं.

ते त्या तापलेल्या डांबरावर हळूहळू गुडघे टेकून बसले. खिशातून यंत्र काढलं, चाकाला लावलं, त्यावरचा आकडा बघितला आणि तिथेच बसून राहिले. हवा अगदी बरोबर होती. त्यांनाही ती दिसत होती. मी थोडी सरकून उभी राहिले, त्यांच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून.